तालुका वार्ताहरांना शोधपत्रकारिता शिकवताना : कार्यशाळेचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

कोकणात पत्रकारांच्या कार्यशाळांना तोटा नाही. सभागृह मिळते, शाल-श्रीफळ होते, दोन पाहुणे लोकशाहीच्या चौथ्या स्तंभावर बोलतात, जेवणानंतर एक वकील तासभर कायदे सांगतात आणि संध्याकाळी सामूहिक फोटो फेसबुकवर पडतो. सोमवारी वार्ताहर कामाला लागतो तो आधीच्याच पद्धतीने. आधी ठेकेदाराला फोन, मग कागदांची शोधाशोध. ज्याने माहिती दिली त्याचे काय होणार, हा प्रश्न बातमी छापून आल्यावर.

हा लेख प्रशिक्षण देणाऱ्यांसाठी आहे : जिल्हा आवृत्तीचे प्रमुख, तालुका पत्रकार संघाचे पदाधिकारी, किंवा चार नवी मुले हाताखाली असलेले जुने वार्ताहर. शिकवायचा क्रम असा : आधी माहिती देणारा माणूस, मग कागद, मग जागा, मग समोरच्याची प्रतिक्रिया आणि शेवटी छपाई. कार्यशाळेची आखणीही याच क्रमाने करावी.

१. तारखा : एक नव्हे, दोन सत्रे

एका दिवसाची कार्यशाळा घेऊ नका. माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर द्यायला कार्यालयाला ३० दिवस असतात. अर्ज लिहायला शिकवले, पण आलेले उत्तर (किंवा न आलेले) वाचायला शिकवले नाही, तर शिक्षण अर्धेच राहते. म्हणून पहिले सत्र दोन दिवसांचे ठेवा आणि दुसरे, एका दिवसाचे, साधारण ४५ दिवसांनी. गणपती आणि शिमगा मध्ये येणार नाहीत असे बघा. त्या दिवसांत ना कार्यालयात माणूस सापडतो, ना वार्ताहर मोकळा असतो. दिवाळीनंतर पहिले आणि जानेवारीत दुसरे, हे सगळ्यांना जमते. पाऊस संपलेला असल्यामुळे जागेवर जाऊन मोजमापही घेता येते.

वर्गात बारा-पंधरा जणांपेक्षा जास्त नकोत. एकाच तालुक्यातले, एकमेकांशी स्पर्धा असलेले वार्ताहर एका गटात बसवू नका. गुहागरचा दापोलीच्या बरोबर, मालवणचा वैभववाडीच्या बरोबर असे गट पाडा. आपल्याच तालुक्यातल्या माणसासमोर कोणी मोकळेपणाने बोलत नाही, आणि बोलला तर ते दुसऱ्या दिवशी बाजारपेठेत पोचलेले असते.

*सावध :* कार्यशाळेचे फोटो आणि उपस्थितांची यादी समाजमाध्यमांवर टाकू नका, बातमीही देऊ नका. 'शोधपत्रकारितेचे प्रशिक्षण घेतलेले वार्ताहर' ही नावांसकट यादी कोणाच्या उपयोगाची आहे, याचा विचार करा. ही अट आयोजकांना आधीच सांगा. सगळ्यात जास्त वाद इथेच होतो.

२. सरावासाठी साकव घ्या, वाळू घेऊ नका

वर्गात चालू प्रकरण घ्यायचा मोह सगळ्यांना होतो. वाळूचे सक्शन पंप, एलईडी लावून होणारी मासेमारी, खाडीकाठी भराव टाकून उठलेले रिसॉर्ट हे विषय जिवंत आहेत, म्हणूनच सरावाला नकोत. पंधरा जणांना कळलेले चालू प्रकरण गुप्त राहत नाही आणि ज्याने ते सांगितले तो माणूस उघडा पडतो.

सरावासाठी एखादा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, घ्या. काम पूर्ण झालेले, बिल निघालेले, वाद नसलेले. एका साकवाच्या मागे कागदांची पूर्ण साखळी असते : अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तक, देयक, काम पूर्णत्वाचा दाखला. ही साखळी एकदा नीट वाचता आली की नळपाणी योजना, संरक्षक भिंत, धूपप्रतिबंधक बंधारा, सगळीकडे तीच असते. शिवाय साकव टेपने मोजता येतो.

सहभागींना रात्रीच्या वेळी वाळूच्या बंदरावर 'प्रात्यक्षिक' म्हणून नेणारे उत्साही आयोजक ऐकिवात आहेत. असे कधीही करू नका.

३. पहिली सकाळ : फोन टेबलावर

नैतिकतेचे भाषण सकाळी नको. सुरुवात फोनपासून करा. प्रत्येकाने स्वतःचा फोन हातात घ्यायचा आणि पुढच्या गोष्टी तिथल्या तिथे करायच्या. 'घरी जाऊन करतो' म्हणणारा करत नाही.

पडदा उघडायला चार आकडी पिन किंवा नक्षी असेल तर ती काढून किमान सहा आकडी पिन घालायला लावा. लॉक स्क्रीनवर संदेशाचा मजकूर दिसणे बंद करा. चहाच्या टपरीवर टेबलावर ठेवलेला फोन शेजारच्याला सगळे वाचून दाखवतो. व्हॉट्सॲप, सिग्नल आणि ईमेल, तिन्हींना दुहेरी पडताळणी लावा.

मग बॅकअप. व्हॉट्सॲपवरचे संभाषण कूटबद्ध असते हे सगळ्यांनी ऐकलेले आहे. पण ड्राइव्हवर जाणारा त्याचा बॅकअप आपण स्वतः सेटिंगमध्ये जाऊन कूटबद्ध केल्याशिवाय तसा नसतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. फोटोंचा आपोआप होणारा बॅकअपही बघा. अनेकांच्या फोनवरचे खाते घरच्यांबरोबर सामायिक असते. तलाठी कार्यालयातल्या कागदाचा फोटो मुंबईच्या भावाच्या टॅबवर उघडतो आणि भाऊ कौतुकाने तो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतो.

संवेदनशील संभाषण सिग्नलवर न्या आणि संदेश ठरावीक मुदतीने आपोआप पुसले जातील असे लावून ठेवा. पण याची मर्यादाही त्याच वेळी सांगा. मजकूर लपला तरी साधा कॉल कोणी कोणाला, कधी, किती वेळ केला याची नोंद मोबाइल कंपनीकडे राहते. बातमीच्या आदल्या आठवड्यात एका लिपिकाच्या नंबरावर रोज दहा मिनिटे बोललात, तर पुढचे काही लपवून उपयोग नाही.

आणि काही सवयी, ज्यांचा ॲपशी संबंध नाही :

– माहिती देणाऱ्याचे नाव 'सोर्स तहसील' म्हणून जतन करू नका. हसू येईल, पण वर्गात फोन तपासा, दोघांच्या तरी फोनमध्ये सापडेल.
– त्याला भेटलात तर चहाचे पैसे रोखीने द्या. यूपीआयची वीस रुपयांची नोंद तुम्ही कुठल्या टपरीवर किती वाजता होता हे कायमचे सांगत राहते.
– फोन दुरुस्तीला देताना किंवा विकताना आधी पूर्ण पुसा.

*तपासा :* दुपारच्या जेवणाआधी प्रत्येकाने फोन शेजाऱ्याच्या हातात द्यायचा. शेजाऱ्याने कुलूप न उघडता पाच मिनिटांत काय काय वाचता येते ते सांगायचे. काही वाचता आले तर जेवण थांबवा.

४. माहिती देणारा माणूस

यावर सगळ्यात जास्त वेळ द्या, अर्धा दिवस गेला तरी चालेल. मुंबईतल्या मंत्रालयात हजारो कर्मचारी असतात, तिथे 'एका वरिष्ठ अधिकाऱ्याने सांगितले' खपून जाते. गावच्या ग्रामपंचायतीत चार माणसे असतात. 'कार्यालयातील एका कर्मचाऱ्याने नाव न छापण्याच्या अटीवर सांगितले' हे वाक्य छापले की सकाळी नऊपर्यंत त्याचे नाव वाडीवाडीत पोचते. वार्ताहराची दुचाकीही गावात सगळ्यांना ठाऊक असते. ती कोणाच्या अंगणात किती वेळ उभी होती, याची नोंद शेजारची आजी कुठल्याही सीसीटीव्हीपेक्षा चोख ठेवते.

म्हणून भेट गावात नको. दुसऱ्या तालुक्याच्या आठवडी बाजारात, एसटी स्टँडवर, दवाखान्याच्या बाकावर, जिथे दोघांनाही असण्याचे स्वतंत्र कारण आहे तिथे भेटा. दुचाकी घरी ठेवा, एसटीने जा. आणि फोन बरोबर नेणार असाल तर तो कुठे होता हे टॉवरला कळते, हे लक्षात असू द्या.

पहिल्या भेटीचे नाटक वर्गात करून घ्या. एकाने माहिती देणारा व्हायचे, एकाने वार्ताहर. माहिती देणारा सुरुवातीलाच म्हणतो, "माझा नाव खंय येवक नको" (माझे नाव कुठेही येता कामा नये). नवा वार्ताहर पटकन म्हणतो, "काका, काळजी करू नका, काही होणार नाही." तिथेच थांबवा. हे वचन देण्याचा अधिकार त्याला नाही. प्रेस कौन्सिल कायदा, १९७८ च्या कलम १५(२) नुसार माहितीचा स्रोत उघड करायला कौन्सिल भाग पाडू शकत नाही. पण ते संरक्षण कौन्सिलपुढच्या चौकशीपुरते आहे. न्यायालयात पत्रकाराला असा सरसकट विशेषाधिकार साक्ष्य कायदा देत नाही. वार्ताहराने म्हणायचे ते एवढेच : नाव मी छापणार नाही, आपल्यात काय काय ठरले ते आत्ताच ठरवू, आणि धोका वाटला तर छपाईपूर्वी तुम्ही मला थांबायला सांगू शकता.

मग चार पर्यायांपैकी एक निवडून घ्यायचा : नाव छापायचे, फक्त हुद्दा छापायचा, माहिती वापरायची पण ती कोणाच्या तोंडी घालायची नाही, किंवा केवळ दिशा घ्यायची आणि माहिती दुसरीकडून मिळवायची. हे बोलणे सुरू होण्याआधी ठरते. बोलून झाल्यावर 'हे छापू नका हां' म्हणणाऱ्याचे ऐकायचे की नाही, यावर वर्गात हमखास भांडण होते, ते होऊ द्या. माझे मत : पुढाऱ्याचे ऐकू नये, कोतवालाचे ऐकावे. पहिल्याला नियम माहीत असतात.

कागद हाती आला तर मूळ प्रतीचा फोटो कधीच छापू नका. कोपऱ्यातला आवक क्रमांक, टिपणीवरचे हस्ताक्षर, टाचणीची भोके, झेरॉक्सवर उमटलेला काचेचा ओरखडा, यावरून प्रत कोणत्या टेबलावरून बाहेर पडली हे कार्यालयातला माणूस ओळखतो. मजकूर स्वतः टाइप करून छापा.

*तपासा :* ही माहिती किती जणांना ठाऊक असू शकते, याची यादी करा. दहाच्या आत नावे आली तर तीच माहिती दुसऱ्या वाटेने, शक्यतो सार्वजनिक कागदातून, मिळाल्याशिवाय छापू नका.

लैंगिक अत्याचाराच्या बातम्यांना वेगळा तास ठेवा आणि तो अनुभवी महिला पत्रकाराने घ्यावा. पीडितेचे नाव छापणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे हे बहुतेकांना माहीत असते. पण वाडीचे नाव, वडिलांचा धंदा आणि शाळा छापली की नाव छापल्यासारखेच झाले, हे मुद्दाम शिकवावे लागते.

५. कागद : घरबसल्या मिळणारे आधी

माहिती अधिकाराचा अर्ज ही पहिली पायरी नव्हे. त्याआधी जे उघड आहे ते काढा. सातबारा, आठ-अ आणि फेरफार महाभूमीवर मिळतात. खरेदीखताची सूची दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा) नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर, निविदा महाटेंडर्सवर, ग्रामपंचायतीचा खर्च ई-ग्रामस्वराजवर आणि पर्यावरण मंजुरीचे प्रस्ताव परिवेशवर. एक दुपार यातच घालवा. खाडीकाठच्या बांधकामाचे बोलणे निघालेच तर सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राची) २०१९ ची अधिसूचना आणि त्या जिल्ह्याचा मंजूर किनारा व्यवस्थापन आराखडा समोर ठेवूनच बोला. भरतीरेषा डोळ्यांनी ठरवायची नसते, ती त्या नकाशावर असते.

मग अर्ज. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण १५० शब्दांत, सोबत १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. माहिती कशासाठी हवी ते लिहायची गरज नाही, आणि लिहूही नका. 'का', 'कोणाच्या आदेशाने', 'जबाबदार कोण' असे प्रश्न विचारलेत की उत्तर येते, 'माहिती अभिलेखावर उपलब्ध नाही'. कागदाचे नाव लिहून प्रत मागा : अमुक कामाच्या मोजमाप पुस्तकाची प्रत, अमुक कालावधीतील देयकांची प्रत. अवलोकनाचाही हक्क आहे, तो कोणी वापरत नाही. नस्ती (फाइल) समोर उघडी असली की कोणते कागद मागायचे ते कळते आणि मोजमाप पुस्तकातली खाडाखोड झेरॉक्सपेक्षा मूळ पानावर स्वच्छ दिसते.

सगळ्यात घातक चूक अशी की माहिती देणाऱ्याने ज्या कागदाबद्दल सांगितले, नेमका तोच कागद अर्जात मागितला जातो. 'दिनांक अमुकच्या टिपणीची प्रत द्यावी' असे लिहिले की कार्यालय पहिला प्रश्न विचारते, ही टिपणी आहे हे याला सांगितले कोणी? एका साकवाचे हवे असेल तर तालुक्यातल्या तीन वर्षांच्या सगळ्या साकवांची यादी आणि देयके मागा. थोडे पैसे जास्त जातील, एका पानाला २ रुपये पडतात. त्या ढिगात आपला साकव लपतो आणि त्याच्या मागचा माणूसही.

३० दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील. त्यावर निर्णय ३० दिवसांत, कारणे नोंदवून फार तर ४५ दिवसांत अपेक्षित असतो. त्यानंतर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे दुसरे अपील. या तारखा अर्ज दिला त्याच दिवशी वहीत लिहून ठेवायला लावा.

*सावध :* अर्जदाराचे नाव संध्याकाळपर्यंत ठेकेदाराला कळते असे समजूनच चाला. अर्ज स्थानिक वार्ताहराच्या नावाने न देता मुख्य कार्यालयातून देता आला तर उत्तम.

६. जागेवर

दुसऱ्या दिवशी सकाळी साकवावर जा. देयकातली लांबी-रुंदी हातात आणि टेप बरोबर. दोघांनी मोजायचे, तिसऱ्याने लिहायचे. फोटो काढताना फोनचे लोकेशन चालू ठेवा, मूळ फाइल जपा, त्यात काहीही कापू-जोडू नका. पुढे न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्यही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) नोंदवायचे असते. ते कसे काढतात हे त्याच दिवशी दाखवा.

दुसऱ्याने पाठवलेली चित्रफीत पडताळणे हा कोकणात वेगळाच खेळ आहे, कारण इथे भरती-ओहोटी साक्ष देते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते, हे कोळीवाड्यातल्या पोरालाही माहीत असते. समजा, कोणी सांगितले की ही चित्रफीत षष्ठीच्या पहाटे पाच वाजता खाडीत काढली. षष्ठीची भरती साडेचारच्या सुमाराला. मग पाचला काठ पाण्याने भरलेला हवा. चित्रात लांबवर उघडा चिखल दिसत असेल तर दिवस तरी चुकीचा आहे किंवा वेळ तरी. खाडीत आत भरती उशिरा पोचते, आणि पाऊणपटीत तास-अर्ध्या तासाचा फरक पडतो. म्हणून शेवटचा शब्द सर्व्हे ऑफ इंडियाच्या भरतीच्या तक्त्याचा.

चित्रफीत व्हॉट्सॲपवर 'फोटो-व्हिडिओ' म्हणून आली असेल तर तिच्यातली वेळ-जागेची माहिती गळून गेलेली असते. 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. मात्र तीच माहिती छापताना माहिती देणाऱ्याचे घर दाखवू शकते, तेव्हा बाहेर जाणाऱ्या प्रतीतून ती पुसून मगच पाठवा.

उपग्रहचित्रे वापरणार असाल तर सेंटिनेल-२ ची चित्रे मोफत मिळतात. त्यातला एक ठिपका १० मीटरचा असतो, म्हणजे भराव दिसेल, कुंपण दिसणार नाही. पावसाळ्यात ढगांमुळे साधी चित्रे निरुपयोगी ठरतात, तेव्हा रडारची, सेंटिनेल-१ ची बघा.

७. प्रतिक्रिया : उशिरा, लेखी आणि जाहिरातीपासून लांब

कागद आणि जागेवरची मोजमापे सुरक्षित झाल्याशिवाय समोरच्याला प्रश्न विचारू नका. विचारल्यावर नस्ती 'सापडत नाही' आणि खाडीतली होडी दुसऱ्या बंदरात गेलेली असते. पण छपाईच्या आदल्या रात्री दहाला फोन करून 'प्रतिक्रिया मिळू शकली नाही' असे लिहिणेही अप्रामाणिक आहे. पूर्ण दोन कामाचे दिवस द्या. प्रश्न लेखी, मुद्देसूद, कार्यालयात देऊन आवक शिक्क्याची पोच घ्या. हाती कोणते कागद आहेत ते प्रश्नांतून सांगू नका आणि प्रत जोडू नका.

आता अवघड भाग. तालुका वार्ताहर बहुधा पगारी नसतो, त्याचे घर जाहिरातीच्या कमिशनवर चालते. ज्या ठेकेदाराकडून त्याने गणपतीच्या पुरवणीची जाहिरात आणली त्यालाच तो साकवाचा प्रश्न विचारतो. प्रश्न आणि जाहिरात एकाच महिन्यात, एकाच फोनवर आले की खंडणीची तक्रार लिहायला फार डोके लागत नाही. न्याय संहितेचे कलम ३०८ त्यासाठीच आहे. नियम कडक ठेवा : ज्याच्याबद्दल चौकशी सुरू आहे त्याच्याशी त्या वार्ताहराने जाहिरातीचे बोलायचे नाही. आलेली जाहिरात परस्पर मुख्य कार्यालयाने हाताळायची, आणि आधीचा व्यवहार संपादकाला लेखी कळवायचा. भावकीतले प्रकरण असेल तर बातमी दुसऱ्याने करायची. संपादकांनी कमिशनचा प्रश्न सोडवला नाही तर वर्गात नैतिकता शिकवून वार्ताहराचीच चेष्टा होते, हे त्यांना या सत्राला बोलावून ऐकवा.

८. छपाईपूर्वी ओळ न् ओळ

प्रत्येक वाक्यासमोर पेन्सिलीने पुराव्याचा क्रमांक लिहायचा. क्रमांक नसलेले वाक्य काढायचे. 'घोटाळा', 'लाटले', 'संगनमत' हे शब्द बहुतेक वेळा क्रमांकाविना सापडतात. 'देयकात साकवाची लांबी अमुक मीटर आहे, जागेवर ती तमुक मीटर भरली' एवढ्याने काम होते. फौजदारी बदनामीच्या बचावात, कलम ३५६ खाली, मजकूर खरा असणे पुरत नाही, तो लोकहिताचाही असावा लागतो. तेव्हा ठेकेदाराच्या साकवाबद्दल लिहा, त्याच्या दुसऱ्या घराबद्दल नको.

९. छापल्याच्या दिवशी

पत्रकार शशिकांत वारिशे यांना राजापूरजवळ गाडीने धडक दिली ती ६ फेब्रुवारी २०२३ रोजी, त्यांची बातमी छापून आली त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला आणि खुनाचा गुन्हा दाखल झाला. तेव्हा छपाईच्या दिवसाची आखणी आधी करा : वार्ताहर तालुक्यात असावा की बाहेर, एकटा दुचाकीवर फिरणार नाही ना, दर तीन तासांनी कोणाला फोन करणार, फोन आला नाही तर पहिला कॉल कोणी कोणाला करायचा. घरच्यांनाही सांगा.

धमक्यांची वही ठेवायची : तारीख, वेळ, नंबर, जसेच्या तसे शब्द. 'हे नेहमीचेच' म्हणून नोंद टाळली जाते आणि पुढे पोलिसांत दाखवायला काही राहत नाही. हल्ला झाला तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या पत्रकार संरक्षण कायद्याखाली गुन्हा नोंदवायचा आग्रह धरा. तो दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तपास उपअधीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही. पोलीस ठाण्यात याची आठवण तक्रारदारालाच करून द्यावी लागते, म्हणून कायद्याची प्रत फोनमध्ये ठेवा.

माहिती देणाऱ्याला त्या आठवड्यात फोन करू नका, आभाराचाही नाही.

१०. दुसरे सत्र

४५ दिवसांनी सगळे परत आले की आधी माहिती अधिकाराची उत्तरे टेबलावर मांडा. काहींनी अर्जच दिलेला नसेल. त्यांना घरी न पाठवता दुसऱ्याच्या उत्तरावरून अपील लिहायला बसवा. साकवाची बातमी प्रत्येकाने लिहायची आणि दुसऱ्या गटाने ती आठव्या टप्प्यातल्या पेन्सिलीने तपासायची. मग फोन पुन्हा टेबलावर. बॅकअप परत सुरू झालेला असतो, लॉक स्क्रीनवर संदेश परत दिसत असतात. तो तास पुन्हा पहिल्यापासून घ्या. निघण्यापूर्वी सरावाचा व्हॉट्सॲप ग्रुप सगळ्यांसमोर मोडा, आणि उपस्थितीचा कागद आयोजकांच्या फाइलमध्ये जाण्याआधी फाडा.